कारण न लिहिलेला नियम

अंबडच्या ज्या कारखान्यात मी नोकरीला लागले, तिथले कॉम्प्युटर माझ्या आधी एकच माणूस वीसेक वर्षं सांभाळत होता. मला त्यांचे फक्त दोन दिवस मिळाले. वडिलांना अर्धांगवायू झाला होता, सायखेड्याला द्राक्षबाग होती आणि बघायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून ते नोकरी सोडून चालले होते. निदान सगळे असं सांगत. कॅन्टीनमध्ये कुणीतरी हेही म्हणालं होतं की, एवढ्या वर्षांचा माणूस निरोप समारंभसुद्धा न घेता जातो म्हणजे काहीतरी असणार.

बोलायला ते कमी होते. सगळं एका लांबट वहीत लिहून ठेवलेलं. कुठल्या मशीनचा कुठला पासवर्ड, कुठलं काम कुठल्या दिवशी. दर महिन्याच्या एक तारखेला एकच ओळ यायची: ‘गेटवेचा बॅकअप घेतला,’ आणि पुढे एक लांबलचक आकडा.

बाहेरून येणारा प्रत्येक मेल आमच्या लोकांना मिळण्याआधी एका वेगळ्या मशीनमधून जायचा. तोच गेटवे. कुणाचा मेल आत सोडायचा, कुणाचा अडवायचा, अडवलेला कुठे टाकायचा, हे त्यात नियम करून सांगितलेलं असतं. ते सगळे नियम एका फाईलमध्ये उतरवून ठेवणं म्हणजे त्याचा बॅकअप. मशीन मेलं तर ती फाईल दुसऱ्या मशीनवर चढवायची, की नवं मशीन जुन्यासारखं वागायला लागतं. हे रिस्टोअर कसं करायचं ते त्यांनी मला दोनदा करून दाखवलं. नियमांची यादी दाखवताना मात्र त्यांनी माऊसचं चाक भरभर फिरवलं. मी म्हटलं, “सर, जरा हळू.” ते म्हणाले, “वहीत आहे सगळं.”

सहा महिन्यांनी जुनं मशीन कुरकुरायला लागलं. नवं आलं. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी मी एकटी जाऊन बॅकअपची फाईल नव्यावर चढवली आणि ते पहिल्या फटक्यात चालू झालं. मी खुशीत होते. पण त्याच महिन्यात आमच्या एका मोठ्या गिऱ्हाइकाचा ऑडिटर येणार होता आणि त्याला गेटवेच्या प्रत्येक नियमापुढे कारण लिहून हवं होतं. मी वही उघडून एकेक नियम जुळवत बसले. सगळ्यांची कारणं मिळाली. त्रेचाळीस नंबरचं मिळालं नाही.

त्रेचाळीस नंबरचा नियम असा होता: अमुक दोन पत्त्यांवरून आलेला मेल कारखान्यातल्या कुणालाही पोहोचवू नये, परतही पाठवू नये, वेगळ्या कप्प्यात ठेवावा. त्या कप्प्याला स्वतंत्र पासवर्ड होता आणि तो वहीत नव्हता. पासवर्ड बदलायला गेलं तर आतलं सगळं पुसलं जाईल, अशी सूचना यायची. नव्या मशीनवर कप्पा रिकामा होता, कारण बॅकअपमध्ये नियम येतात, अडवलेले मेल येत नाहीत. जुन्या मशीनवर मात्र त्यात शंभरावर मेल पडून होते. आणि नियमाला नाव म्हणून नुसता एक आकडा दिलेला. दोन दिवस मी त्या आकड्याकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी पगाराच्या स्लिपवर माझा स्वतःचा एम्प्लॉयी नंबर दिसला आणि डोक्यात प्रकाश पडला. यादीत शोधलं. तो नंबर खरेदी विभागातल्या एका बाईंचा होता.

माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं ते सांगते. हा माणूस त्या बाईचे मेल वाचत होता.

याला माझ्या बाजूनं कारण होतं. आधीच्या नोकरीत मी बहिणीला मेलमध्ये लिहिलं होतं की दुसरीकडे बघतेय. दुसऱ्या दिवशी साहेबांनी चहाचा कप फिरवत विचारलं होतं, “मग, कधी सोडून चाललात आम्हाला?” मेल उघडून वाचणारी माणसं दिसायला किती सभ्य असतात हे मी पाहिलं होतं.

मी आधीच्या सरांना फोन लावला. मागे कुठेतरी फवारणीचा पंप धडधडत होता.

“सर, त्रेचाळीस नंबरचा नियम कशासाठी आहे?”

पंप बंद झाला. मग म्हणाले, “तो राहू द्या मॅडम.”

“ऑडिटला कारण लागतंय.”

“काहीही लिहा. पण काढू नका. आणि जुनं मशीन एवढ्यात भंगारात देऊ नका.”

“पण आहे काय ते?”

“फोनवर नाही सांगता येणार,” म्हणाले, आणि फोन ठेवला.

मला तो कबुलीजबाबच वाटला.

दुपारी जेवताना मी मुद्दाम खरेदीतल्या बाईंच्या समोर बसले. आम्ही साधारण एकाच वयाच्या, अगं-तुगं होतं, पण मैत्री नव्हती. सिडकोत मुलीला घेऊन राहते एवढंच मला माहीत होतं. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, “तुझे काही मेल येत नाहीत असं कधी वाटलं का गं तुला?”

तिचा हात डब्यावर तसाच थांबला. “नाही. का? कुणी काही बोललं का?”

“नाही गं, नवीन मशीन बसवलंय, म्हणून सगळ्यांनाच विचारतेय.”

तिनं अर्धी पोळी डब्यात तशीच ठेवली, झाकण लावलं आणि काम आहे म्हणून उठली. त्यानंतर ती दुसऱ्या टेबलावर बसायला लागली. कॉरिडॉरमध्ये मी दिसले की तिच्या हातात फोन यायचा.

मग माझ्या संशयानं कूस पालटली. तिला माहीत होतं तर! ज्याचे मेल चोरून वाचले जातात तो असा घाबरत नाही, चिडतो. म्हणजे दोघं मिळून होते. आणि ती खरेदीत. कुणा पुरवठादारानं तक्रार केली, टक्केवारी मागितली म्हणून लिहिलं, तर तो मेल वर पोहोचूच नये, अशी सोय या दोघांनी करून ठेवली असेल. हे सुचल्यावर मला सगळं त्यात बसताना दिसायला लागलं. तिच्या मुलीची चांगली शाळा बसली. सरांचं घाईघाईनं जाणं बसलं. फोनवर न सांगणं बसलं. एकदा संध्याकाळी ती गेटबाहेर कुणा काळ्या कोटातल्या माणसाशी बोलताना दिसली, तेही बसलं.

प्रशासनाचे साहेब म्हणाले, “ज्याचं कारण माहीत नाही ते काढून टाका. ऑडिटच्या आधी मला यादी स्वच्छ हवी.”

मी फक्त साहेबांनी सांगितलं म्हणून काढला असता तर आज मला बरं वाटलं असतं. मी आधी बॅकअप घेतला. मग त्रेचाळीस नंबर काढला. आणि त्याच्या जागी दुसरा एक नियम केला: त्या दोन पत्त्यांवरून मेल आला तर जाऊ द्यावा, पण एक प्रत गुपचूप माझ्याकडे यावी. त्याचं कारण मी कुठेही लिहिलं नाही.

तीन दिवस काही आलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या स्क्रीनवर तो मेल आला. सापडले, असं वाटत होतं.

‘तुमच्या ऑफिसातली ही बाई कोण आहे ते तुम्हाला कळलं पाहिजे,’ अशी सुरुवात होती. पुढे तिच्या चारित्र्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. नवऱ्यानं का टाकली, संध्याकाळी कुणाबरोबर जाते, बापाच्या मयतीला कशी नटून आली होती. शेवटी, ‘सही केलीस तर थांबेन.’ खाली तिच्या भावाचं नाव. मेल एकट्या तिला नव्हता. खरेदी विभागाच्या सगळ्यांना होता, स्टोअरला होता, साहेबांना होता.

मी खुर्चीवरून उठून काचेतून पाहिलं. खरेदीत आठ-दहा टेबलं आहेत. एकेक करून माना स्क्रीनकडे वळत होत्या. कुणी हसलं नाही, कुणी बोललं नाही, आणि तेच वाईट होतं. ती उठली, पर्स घेतली नाही, आणि वॉशरूमकडे गेली.

मी चार दिवसांपूर्वीचा बॅकअप काढला, त्रेचाळीस नंबर असलेला, आणि चढवला. दहा मिनिटं लागली. पण गेटवे फक्त आत येणाऱ्याला अडवू शकतो. जे लोकांच्या हातातल्या फोनवर पोहोचलं होतं ते परत घेता येत नव्हतं.

वॉशरूममध्ये ती बेसिनला टेकून उभी होती. रडत नव्हती.

“तू काढलास ना तो?” तिनं विचारलं.

“हो.”

“मला विचारायचं नाही?”

“विचारलं होतं मी. जेवताना.”

“ते विचारणं नव्हतं,” ती म्हणाली. “ती चौकशी होती. मला वाटलं, माझ्या भावानं तुलाही गाठलं.”

मग तिनं मोजक्या शब्दांत सांगितलं. लासलगावच्या पुढे वडिलांची जमीन. वडील गेल्यावर भावानं हक्कसोडपत्र पुढे केलं, सगळ्या बहिणी करतात तशी तूही सही कर म्हणाला. हिनं केली नाही. फोनवर शिव्या सुरू झाल्या, तिनं नंबर बंद केला, तर त्यानं ऑफिसचे मेल पत्ते मिळवले. पहिला मेल आला तेव्हा योगायोगानं आमच्या सरांनी तो लोकांच्या आधी पाहिला आणि तिला खाली बोलावून घेतलं. “त्यांनी एकच विचारलं, पुसून टाकू की ठेवू? मी म्हटलं, ठेवा, पुढे वकिलाला लागतील. पण कुणाला दिसायला नकोत. मलासुद्धा. आणि हे कुठे लिहूही नका.” काळ्या कोटातला माणूस तिचा वकील होता. निफाडच्या कोर्टात बदनामीची तक्रार करायचं चाललं होतं आणि त्याला आता ते सगळे मेल हवे होते.

मी माफी मागितली. ती म्हणाली, “आधी ते मेल काढून दे.”

जुनं मशीन भंगारवाल्याच्या यादीत गेलं होतं, ते मी थांबवलं; पण पासवर्ड सायखेड्यात होता. दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी स्कूटरनं निघाले. चांदोरीहून आत वळलं की गोदावरीचा पूल, मग गाव, मग गावापलीकडे बाग. सर बांधावर उभं राहून गड्यांना काही सांगत होते. टोपी, गमबूट, हातावर औषधाचे डाग. मला पाहून त्यांना अजिबात आनंद झाला नाही.

घरात त्यांच्या पत्नीनं चहा दिला. आतल्या खोलीत खाटेवर वडील होते. मी घडलेलं सगळं सांगितलं, माझा गुपचूप प्रत मागवणारा नियमसुद्धा. मग मी पासवर्ड मागितला.

“तो तुम्हाला का देऊ?” ते म्हणाले.

“तिनं पाठवलंय मला.”

“असं तुम्ही म्हणता. तिचा भाऊही उद्या कुणाला तरी पाठवील, तिनं पाठवलंय म्हणून.”

मला राग आला. मी एवढ्या लांब आले होते, चूक कबूल केली होती, आणि हा माणूस माझ्यावर संशय घेत होता. त्यांच्या पत्नी मध्ये पडल्या. “आवो, लांबून आलीय ती. द्या की. चेहऱ्यावरून तशी नाय वाटत.”

“चेहऱ्यावरून काय कळतंय,” म्हणत त्यांनी फोन काढला आणि खरेदीतल्या बाईंना लावला. माझ्यासमोरच तिला विचारलं, “ह्या इथं आल्यात. तुम्ही पाठवलं? कुणी बळजबरी नाही ना? बरं, मग मला सांगा, पहिल्या दिवशी मी तुम्हाला काय विचारलं होतं?” पलीकडून उत्तर आलं असावं. त्यांनी कॅलेंडरचा कोपरा फाडला, त्यावर पासवर्ड लिहिला आणि माझ्या हातात दिला. निघताना त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून दोन किलो द्राक्षं दिली. मला ती नको होती, पण घेतली.

मेल काढून देताना मी ते वाचणार नव्हते. ठरवलं होतं तसं. पण कॉपी होताना ओळीनं दिसत राहतात, आणि मी दोन वाचले. मग मान फिरवून बसले.

ऑडिटच्या कागदावर मी त्रेचाळीस नंबरपुढे लिहिलं, ‘कर्मचाऱ्याच्या विनंतीवरून.’ साहेबांनी त्या मेलची प्रत वाचलेली होती, त्यामुळे कुणाच्या हे त्यांना विचारायची गरज नव्हती. त्यांनी तिला केबिनमध्ये बोलावून घरगुती भानगडी बाहेर ठेवायला सांगितलं. मला म्हणाले, “तुम्हीही त्या आधीच्या माणसासारख्याच निघालात. काय काय दडवून ठेवलंय अजून?” त्यानंतर बरेच महिने ते माझ्या प्रत्येक कागदाची दुसरी बाजूही बघायचे. खरेदीतले एक वयस्कर कारकून तेवढे तिच्या टेबलापाशी जाऊन म्हणाले होते, “बाई, मी पहिली ओळ वाचली आणि पुसला.” बाकीचे गप्पच राहिले. त्यातल्या कुणी तो मेल पुढे पाठवला होता का, हे मला आजही माहीत नाही. पाठवला असेल असं वाटतं.

तिचा वकील खूश होता. अडवलेले मेल कुणी वाचलेच नव्हते, त्यामुळे बदनामी झाली कशी असं समोरच्यानं विचारलं असतं. माझ्या हातून सुटलेला एक मेल मात्र अठरा जणांनी वाचला होता. “मॅडम, तुमच्यामुळे केस उभी राहिली,” तो मला म्हणाला. ती शेजारी बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

मशीन माझ्या ताब्यात असल्यामुळे मेल त्यातूनच काढल्याचा दाखला मला द्यावा लागला आणि निफाडला साक्षीला जावं लागलं. कोर्टाच्या दारात गर्दीत माझा पाय उंबऱ्याला अडखळला, तर एका माणसानं हात पुढे करून सावरलं. “ताई, सावकाश,” म्हणाला. स्वच्छ पांढरा शर्ट, कपाळाला गंध. पुकारा झाल्यावर तोच माणूस आरोपीच्या जागी जाऊन उभा राहिला. मला काही क्षण वाटलं, आपलंच काही चुकत तर नाही ना? इतका साधा दिसत होता.

त्याच्या वकिलानं उलटतपासणीत मला धारेवर धरलं. “तो नियम आधीपासून होता असं दाखवणाऱ्या ह्या बॅकअपच्या फायली तुम्ही मागाहून तयार केल्या नाहीत कशावरून?”

मी सांगितलं की, आधीचे सर दर महिन्याला बॅकअप घेतल्यावर त्या फाईलमधून निघणारा एक लांबलचक आकडा वहीत हातानं उतरवायचे. फाईलमध्ये एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. वही कोर्टात होती. तीन महिन्यांचे आकडे तिथल्या तिथे ताडून दाखवले.

“मग मध्ये तुम्ही तो नियम काढला होता. खरं?”

“हो.”

“का?”

“ऑडिटसाठी यादी…”

“ऑडिटसाठी काढला, मग स्वतःकडे प्रत कशाला मागवली?”

हे त्याला कुठून कळलं, असं आधी वाटलं, मग आठवलं. मशीनच्या नोंदीत होतं आणि नोंदी मीच दिल्या होत्या.

“संशय आला म्हणून,” मी म्हणाले.

“कुणाचा?”

ती समोर बाकावर बसली होती, मांडीवर पर्स धरून.

“आधीच्या सरांचा. आणि ह्यांचा.”

“कसला संशय?”

“पैसे खात असतील असा.”

वकील न्यायाधीशांकडे वळला. म्हणजे फिर्यादीच्या प्रामाणिकपणाची खुद्द तिच्या साक्षीदारालाच खात्री नव्हती, वगैरे. न्यायाधीशांनी लिहून घेतलं आणि त्याला पुढे चला म्हणून सांगितलं.

परतताना आम्ही एकाच एसटीत होतो. चांदोरीपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, “मला वाटलं होतं, खोटं बोलशील.”

“बोलणार होते.”

“हं.” तिनं विचारलं, “आणि त्यातले वाचलेस किती? खरं सांग.”

“दोन.”

“कोणते?”

मी सांगितलं. एक आईबद्दलचा होता, एक मुलीबद्दलचा. तो मुलीबद्दलचा वाचल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नव्हते.

“ते साधे होते,” ती म्हणाली, आणि कंडक्टरनं परत दिलेले सुटे पर्समध्ये ठेवायला लागली.

निकाल लागलाच नाही. वर्षभरानं भावानं तडजोड केली, कोर्टात माफी लिहून दिली, आणि जमिनीत तिचं नाव लागलं. हे मला तिच्याकडून नाही, साहेबांकडून कळलं. ती अजून खरेदीतच आहे. मेल अडकला तर मला फोन करते, कामाचं बोलते, ठेवते. मागच्या दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसात आलेल्या तिच्या मुलीनं माझ्या टेबलावर फराळाचा डबा आणून ठेवला. आईनं पाठवलाय का, असं विचारायला मी तोंड उघडलं होतं. विचारलं नाही. चकल्या चांगल्या झाल्या होत्या.